उजव्या कानात नील, डाव्या कानात नीर

“अगो थांबा! मारू नका गो! नाव सांगितलंच न्हाय मी अजून!”

मी पाळण्यावर वाकलेली, तोंडातून नुसतं ‘कुर्रर्र’ बाहेर पडलेलं, आणि पाठीवर सतरा बायकांचे चौतीस हात. सुलू, तू समोरच होतीस, तू पाहिलंस. बारशाला आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगायचं आणि सांगून झालं की बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, ही रीत. सांगून झालं की! पण आमच्या नागावच्या बायकांना तेवढा दम कुठला? माझ्या पाठीवर त्यांचा तीस वर्षांपासून डोळा होता. एकीच्या सोलकढीला मी ‘गुलाबी पाणी’ म्हटलेलं, दुसरीचा जावई घोरतो हे मी सगळ्या आळीला ऐकवलेलं, तेही जावयाच्या घोरण्यासकट. त्या दिवशी सगळ्यांनी एकदम उट्टं काढलं. पहिला हात शेजारच्या भागीचा. भागी पहारीवर नारळ सोलते, दिवसाला दोनशे. तिचा धपाटा बसला आणि माझा श्वास जो निघाला तो रेवदंड्याच्या पुलापर्यंत जाऊन, तिथं जरा टेकून, मग परत आला.

तेवढ्या वेळात तू पाळण्याच्या पलीकडच्या बाजूनं वाकलीस. बाळाच्या डाव्या कानाशी तोंड नेलंस. मी खोकत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी मला दिसलं. तुझे ओठ हलले.

“काय केलंस गो?” मी किंचाळले.

“काय न्हाय हो इंदूताई,” तू अगदी थंडपणे म्हणालीस. “कुर्र ऐकून पोर वाट बघत बसलं. पुढं कायच आलं न्हाय. रिकामा कान बरा नसतो. मी आपला भरून ठेवला.”

“कशानं भरलास?”

“नीरनं.”

मग मी उजवा कान धरला आणि त्यात ‘नील’ असं सांगितलं, की पोरानं भोकाड पसरलं, पाळण्यावरच्या कापडी चिमण्या गरगर फिरल्या आणि मागच्या वाडीत तीन नारळ पडले. बरं, एक पडला. तोही आदल्या दिवसापासून लोंबत होता. पण पडला ना?

बायकांनी मला पुन्हा बडवलं, कारण आता खरोखर नाव सांगून झालं होतं. आणि मग भागी म्हणाली, “हिनंपन सांगितलं की, मग हिलापन!” म्हणून तुझ्या पाठीतही घातले. पण कसे? हळू. फुलपाखरू बसावं तसे. माझ्या पाठीत पहार आणि तुझ्या पाठीत फुलपाखरू! बारा दिवसांपूर्वी मुरुडहून आलेली तू, आणि माझ्याच गावच्या बायका तुला जपून मारतात? त्या क्षणी माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती आजही तिथंच बसली आहे. परवा तुझं तेरावं झालं. मला वाटलं होतं, त्यासोबत तीही उठून जाईल. नाही गेली. उलट पाय पसरून बसली आहे.

तुझ्याबद्दल सगळे चांगलं बोलताहेत, सुलू. मी बोलणार नाही. चांगलं बोलायला तिकडे रांग लागली आहे, मी रांगेत उभी राहत नाही. मी आपली तुझ्यावर जळत होते, तेवढंच सांगते.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी माझ्या तोंडून एकदा ऐक. मला भाऊ एकच, महेश. माझ्याहून अठरा वर्षांनी धाकटा. त्याला मी कडेवर घेऊन वाढवला. त्याची बायको पल्लवी, तुझी धाकटी बहीण. तिला तू कडेवर घेऊन वाढवलीस, कारण तुमची आई लवकर गेली. म्हणजे त्या लग्नात खरं म्हणजे दोन कडेवरची पोरं एकमेकांना हार घालत होती आणि आपण दोघी दोन बाजूंना डोळे पुसत होतो. तेव्हाच मी पाहिलं होतं, की तुझं रडणं माझ्यापेक्षा छान आहे. मी रडले की नाक लाल होतं, आवाज बैलगाडीसारखा येतो. तू रडलीस की लोक पाणी आणून देतात.

मग नऊ वर्षं मूल नाही. नवस, दवाखाने, पुन्हा नवस. आणि दहाव्या वर्षी हा. एकुलत्या भावाचा एकुलता मुलगा. माझं सासर आणि माहेर एकाच गावात, मधे दोन वाड्या. बातमी कळली तेव्हा मी चप्पल न घालता त्या दोन वाड्या ओलांडल्या. पाय जमिनीला लागलेच नाहीत असं मी माझ्या होमस्टेच्या पाहुण्यांना सांगते.

मला नाव ठेवायची एवढी का घाई, ते तुला कधी सांगितलं नाही. आता सांगते. माझ्या दोन मुलांची नावं मी ठेवली नाहीत. कुणी आई ठेवते का आमच्यात? तो मान नणंदेचा. नऊ महिने मी पोटात वागवायचं, आणि नणंद पुण्याहून येणार, घुगऱ्या खाणार, पाळण्यात वाकणार आणि एकाचं ‘पुरुषोत्तम’ आणि दुसऱ्याचं ‘त्र्यंबक’ करून संध्याकाळच्या गाडीनं परत जाणार. त्र्यंबक! पहिलीत त्याला स्वतःचं नाव लिहायला इतका वेळ लागायचा की बाकीच्या पोरांचा पेपर संपायचा. मी बाळंतिणीच्या खाटेवर पडल्या पडल्या शपथ घेतली होती. माझी पाळी येईल. महेशला पोर होईल, तेव्हा मी आत्या असेन, आणि मी जे नाव ठेवीन ते दोन अक्षरांत आटपेल. हाक मारताना दम लागता कामा नये.

सव्वीस वर्षं थांबले मी, सुलू. बाई स्वतःच्या पोराला नाव ठेवू शकत नाही, भावाच्या पोराला ठेवते. आयुष्यात एकदाच येणारी गोष्ट होती ती माझ्या.

आणि मग तू आलीस. बाळंतपण खरं तर माहेरी व्हायचं, पण मुरुडच्या तुमच्या दोन खोल्यांत जागा नाही, म्हणून माहेरच चालत इकडे आलं. एक पत्र्याची पेटी, शिवणाचं सामान, जुन्या साड्यांची शिवलेली आठ दुपटी आणि तू.

पहिल्याच सकाळी तू न्हाणीत बसलीस, पाय लांब केलेस, पोराला पायांवर पालथं घातलंस आणि ऊन पाणी ओतलंस. हूं की चूं नाही! डोळे मिटून पडलं होतं, एखादा जमीनदार मालिश करून घेतो तसं. मग तू त्याला ओव्याची धुरी दिलीस, दुपट्यात असं गुंडाळलंस की नुसतं नाक बाहेर, आणि ते झोपलं. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, आज मी घालते आंघोळ. पोरानं असा टाहो फोडला, की माझ्या होमस्टेतल्या ठाण्याच्या पाहुण्यांनी बॅगा भरल्या. (तसेही ते त्याच दिवशी जाणार होते.) तू दारात उभी होतीस. एक भुवई तेवढी वर केलीस.

ती भुवई! तिच्याबद्दल एक वेगळा लेख लिहावा लागेल. मी पाहुण्यांना सांगत असायची, की लहानपणी मी नागावहून पोहत पोहत कुलाब्याच्या किल्ल्यापर्यंत गेले आणि भरतीच्या आत परत आले. पाहुणे तोंड उघडं टाकून ऐकायचे. तू कोपऱ्यात बसून झबल्याला बंद लावत असायचीस, आणि ती भुवई हळूच वर जायची. मग पाहुणे गेल्यावर म्हणायचीस, “इंदूताई, परवा तुम्ही खांदेरीपर्यंत गेला होता. आज कुलाबा. वय झालं की अंतर कमी होतं काय?” जन्मात पहिल्यांदा मला कुणीतरी नीट ऐकत होतं. माझी एक थाप दुसरीशी ताडून बघणारं माणूस मला मिळालं होतं. नवऱ्यानं तीस वर्षांत एवढं लक्ष दिलं नाही. हे मी तुला कधी सांगितलं का? नाही सांगितलं. तुला आणखी कशाला चढवून ठेवायचं?

नावाचं भांडण मात्र आपलं बारशाच्या आधीच पेटलं होतं. मी बाळ चार दिवसांचं असताना जाहीर केलं, नील. समुद्र निळा, आकाश निळं, कृष्ण निळा; आणखी काय पाहिजे? दोन दिवसांनी तू भाताची पेज ढवळता ढवळता म्हणालीस, “नीरपन बरं वाटतं, न्हाय?”

“हे माझंच नाव हाय,” मी म्हटलं. “नुसतं शेपूट बदललंस!”

“शेपूट बदललं की जनावर बदलतं हो. सरड्याला विचारा.”

मग काय विचारतेस? मी म्हटलं, नीर ठेवलंस तर शाळेत पोरं त्याला नीरफणस म्हणतील. तू म्हणालीस, नील ठेवलंत तर पांढऱ्या सदऱ्यांना घालायची नीळ म्हणतील. मी म्हटलं, नीर म्हणजे डोळ्यांतलं पाणी, अपशकुनी. तू म्हणालीस, मग गंगा, गोदावरी ही काय कोरडी नावं हायत? महेश मधे पडायला आला आणि म्हणाला, “दोन्ही सारखंच वाटतंय की!” आपण दोघींनी मिळून त्याला असं झापलं की तो जेवायला स्वयंपाकघरात आलाच नाही, त्याचं ताट बाहेर नेऊन द्यावं लागलं. तेवढ्या एका गोष्टीत आपलं एकमत होतं, की दोन्ही नावं सारखी बिलकूल नाहीत.

आणि एका दुपारी तू उठलीस, काचेचा पेला घेतलास आणि मला म्हणालीस, “चला.” वाडीतून किनाऱ्यावर नेलंस. सुट्टीचा दिवस, केळ्याच्या आकाराच्या त्या बोटी, उंटवाले, भुट्टेवाले, सगळी जत्रा. तू साडी गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात शिरलीस आणि पेला भरून माझ्या नाकासमोर धरलास. खाली बोटभर गाळ बसला होता, वर चहात दूध कमी पडल्यासारखा रंग.

“कुठं हाय निळा?” तू म्हणालीस. “आपला समुद्र कवा निळा होता? उगीच सिनेमातला समुद्र पोराच्या गळ्यात नका बांधू. ह्याला पाणी म्हणा. ते तरी खरं हाय.”

“लांबून निळा दिसतो,” मी म्हटलं.

“किती लांबून?”

मी शेजारून जाणाऱ्या एका मुंबईच्या बाईला थांबवलं. म्हटलं, ताई, समुद्राचा रंग सांगा बरं कुठला आहे? तिनं गॉगल वर केला, नीट पाहिलं आणि म्हणाली, “ग्रे.” तू हसून हसून वाळूत बसलीस. पेल्यातलं पाणी माझ्या साडीवर सांडलं. मीही हसले असेन. पण घरी येताना माझ्या मनात एकच होतं, की ही बाई पेला भरून आणते आणि माझी सव्वीस वर्षं खोटी पाडते.

बारशानंतर घराचे दोन तुकडे झाले. पल्लवी तुझ्यासमोर नीर म्हणायची आणि माझ्यासमोर ‘बाळ’. महेश दोघींसमोर ‘हा’. भागी म्हणायची, आधी डावा कान भरला म्हणजे नीर आधीचं. मी म्हणायची, कुर्र माझं होतं, कुर्रशिवाय नाव लागतच नाही. तू म्हणायचीस, “कुर्र तुमचं, नाव माझं. चालेल?” पोर तीन महिन्यांचं झालं तेव्हा आपण त्याची परीक्षा घेतली. ते मधे सतरंजीवर, तू एका बाजूला, मी एका बाजूला. मी नील म्हणून हाक मारली. तू नीर म्हणून. मी जरा मोठ्यानं. तू आणखी गोड. पाच मिनिटं हा तमाशा चालला होता. शेवटी आत कुकरची शिटी झाली आणि त्यानं तिकडे मान वळवली.

त्यानंतरची एक दुपार मला फार छळते.

आपण महेशच्या पडवीत पांढऱ्या कांद्याच्या माळा विणत बसलो होतो. ते काम तुमच्या मुरुडकडलं नाही. तू पहिल्या दिवशी माझ्याकडून शिकलीस आणि तिसऱ्या दिवशी तुझी माळ माझ्या माळेहून सरळ. मी त्याच्यावरही मनातल्या मनात जळून घेतलं. बाळ आत पल्लवीजवळ झोपलं होतं.

“इंदूताई,” तू म्हणालीस, “तुम्हाला भाऊ नसता तर?”

“हाय की चांगला धडधाकट.”

“नसता तर, म्हणते मी.”

“तर घरातले सगळे फणसाचे गरे मला मिळाले असते.”

तू हसलीस. हातातली माळ थांबली नाही. मग खाली बघूनच म्हणालीस, “आम्ही दोघी बहिणीच. लग्न मी केलं न्हाय. मना कुणी आत्या म्हणणार न्हाय कधी. मावशीला झबली शिवायला सांगतात, न्हाऊ घालायला सांगतात, रात्रीचं जागायला सांगतात. नाव सांग म्हणून कोण बोलावतंय? पल्लीचं लग्न झालं तवापासून हे नाव माझ्याकडं पडून होतं. ठेवणार कुठं?”

सुलू, मी बडबडी असेन, मूर्ख नाही. मला कळलं होतं. मी सव्वीस वर्षं थांबले, पण माझी पाळी येणार हे मला ठाऊक होतं. तू ज्या रांगेत उभी होतीस तिला पुढं खिडकीच नव्हती. तेव्हा मी एकच वाक्य बोलायला हवं होतं. ते जिभेवर आलंही होतं. पण माझ्या जिभेवर खरं आलं की त्याला लगेच काहीतरी ढकलून देतं.

मी म्हटलं, “अगो, तुला काय कमी? लोकांनी म्हणीसुद्धा तुमच्यासाठी केल्या. माय मरो, मावशी जगो! आणि आमच्या वाट्याला काय? आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं! तुला आईच्या वर बसवली आणि मला मिशा लावल्या. आणि वर तुलाच नाव ठेवायचंय?”

तू इतकी हसलीस की तुझी माळ सुटली. कांदे अंगणभर झाले. आपण दोघी ते गोळा करत फिरलो आणि तो विषय तिथंच राहिला. तुला हसवलं म्हणून मी खूश होते. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, आज सुलूला असं हसवलं की कांद्यांनाही पाणी आलं. तो म्हणाला, बरं.

मग तू मुरुडला परत गेलीस. पंधरा दिवसांनी तुझा फोन. “इंदूताई, त्या फॉर्मचं बघा. जन्माच्या नोंदीत नावाची जागा अजून कोरी हाय. पल्ली आळशी, महेशराव त्याहून.”

“बघते की. नील लिहिते.”

“लिहा.”

तू ‘लिहा’ म्हणालीस तो मला टोमणा वाटला. मी म्हटलं, “बघ हां, शाईनं लिहीन.” तू म्हणालीस, “शाईनंच लिहा. पेन्सिलीचं कोण घेतं?” आणि मागे कुणीतरी दूधवाला ओरडत होता म्हणून तू फोन ठेवलास. आपलं शेवटचं बोलणं ते. मी त्यानंतर दिवसभर चिडून होते, की तू भांडली का नाहीस? भांडायला माणूस समोर लागतो, आणि तू ऐनवेळी गप्प बसलीस.

चौथ्या दिवशी महेशचा फोन आला, की तू रात्री झोपेतच गेलीस.

तुझ्या दहाव्याला मी मुद्दाम आले. बायका येत नाहीत, मागे राहा, असं कुणी तरी पुटपुटलं. मी म्हटलं, मी आत्या आहे, मला मिशा आहेत असं समजा. खाडीच्या कडेला पिंड मांडले होते. मी मनात सगळं तयार करून आले होते. मला माहीत होतं कावळा शिवणार नाही. ह्या बाईची इच्छा राहिली आहे, आणि ती कुठली ते फक्त मला ठाऊक आहे. लोक एकेक करून सांगतील, पल्लवीची काळजी घेऊ, तुझं शिवणाचं मशीन कुणाला तरी देऊ, आणि कावळा फांदीवर तसाच. मग मी पुढं होईन, हात जोडीन आणि सगळ्यांसमोर म्हणेन, सुलू, नीरच ठेवते. आणि कावळा झेपावेल. पाहुण्यांना पुढची वीस वर्षं सांगायला पुरेल असा देखावा मी मनात मांडून ठेवला होता.

भटजी मागे सरकले आणि कावळा आला. लगेच. पिंड ठेवून हात धुतले नव्हते तोवर. एक नाही, तीन. मी तोंड उघडायच्या आत सगळं संपलं. लोक म्हणाले, किती समाधानानं गेली बाई! मला इतका राग आला सुलू, की मी त्या कावळ्यांना दगड मारणार होते. म्हणजे तुझी काहीच इच्छा राहिली नव्हती? माझ्यासाठी एक तरी ठेवायचीस!

तेराव्याला सगळे जेवून महेशच्या पडवीत बसले तेव्हा महेश म्हणाला, “ताई, आता नीरच ठेवू. मावशीची आठवण राहील.” सगळ्यांनी माना हलवल्या. भागीनं पदर डोळ्यांना लावला. मी आतून मात्र पेटले होते. जिवंत माणसाशी मी आणखी वीस वर्षं भांडले असते, पण गेलेल्या माणसाशी भांडायचं कसं? आता मी नील म्हटलं तर मी राक्षसीण. एका नावासाठी एवढी मोठी चाल कुणी खेळतं का?

तेवढ्यात पल्लवी म्हणाली, “पण सुलूताईनं नीलच ठेवा म्हणून सांगितलंय.”

“कधी?” मी विचारलं.

“जायच्या आदल्या दिवशी. फोनवर. म्हणाली, ‘इंदूताईंचा हक्क हाय तो. मी उगी हौस करून घेतली, डावा कान का होईना, सांगायला मिळालं. नीलच लिहा. न्हायतर ती बाई मुरुडला येऊन माझ्या पाठीत घालील.’”

सगळे हसले, मग सगळे रडले. मी दोन्ही केलं नाही. मी उठून विहिरीपाशी गेले आणि रहाटाला धरून उभी राहिले. कारण तू काय करून ठेवलं होतंस ते मला तेव्हा दिसलं. नीर ठेवलं तर तुझ्या आठवणीचं. नील ठेवलं तर तुझ्या मोठ्या मनाचं. इकडून गेले तरी तू, तिकडून गेले तरी तू. सगळं गाव वर्षानुवर्षं सांगणार, सुलूनं सोडून दिलं हो, केवढं मन! आणि माझं? माझं मन लहान, ते सगळ्यांना पाठच आहे. मी आयुष्यभर वाढवून वाढवून सांगितलं, आणि तू एकदा साधं बोललीस तर ते माझ्या सगळ्या गोष्टींच्या वर जाऊन बसलं. मोठेपणातसुद्धा तू पुढे? मी जाऊ देईन होय?

रहाटाला धरल्या धरल्या मी ठरवलं. कुणाला विचारायचं नाही. आठवण म्हणून नाही, दया म्हणून नाही. आत्याचा हक्क माझा, तर तो मी कुणाला द्यायचा हेही मीच ठरवणार. मी माझ्या हातानं नीर लिहीन. आणि खरं सांगू का, इथं भुवई वर करू नकोस: मला तुला एकदा पाळण्याच्या उजव्या बाजूला उभं करायचं होतं. कांद्याच्या माळा विणताना म्हणायचं राहिलं होतं ते एवढंच. घे, तूच सांग. माझी पाळी तू घे.

काल सकाळी मी बारशाला मिळालेली मानाची साडी नेसले आणि जन्ममृत्यूच्या नोंदीच्या कार्यालयात गेले. खिडकीवर चष्म्यावरून बघणारा एक कारकून होता. मी फॉर्म मागितला आणि भरता भरता त्याला सगळं सांगितलं. धपाटे, डावा कान, काचेचा पेला, कावळे. नारळ पाच पडले म्हणून सांगितलं. मागं रांगेतली माणसं पुढं सरकून ऐकू लागली. एक आजोबा म्हणाले, “मग? मग काय झालं?” एका बाईनं पदर तोंडाला लावला. माझ्या आयुष्यात मी इतकी चांगली गोष्ट कधी सांगितली नव्हती, कारण तिच्यात नारळ सोडले तर सगळं खरं होतं. नावाच्या रकान्यात मी शाईनं, ठसठशीत लिहिलं, नीर. अर्जदाराच्या रकान्यात माझं नाव. नात्याच्या रकान्यात आत्या. खाली सही केली.

कारकुनानं फॉर्म घेतला. वरपासून खालपर्यंत एकदा वाचला आणि खिडकीतून परत माझ्याकडे सरकवला.

“आईवडिलांची सही लागते,” तो म्हणाला. “आत्याची चालत नाही.”